भारतीय दिवाणी प्रक्रिया कायद्यातील सुधारणा

भारतातील दिवाणी न्यायालयांत दावा कोठे व कसा दाखल करावा, प्रतिवादीने उत्तर कधी द्यावे, पुरावा कसा नोंदवावा आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी कशी करावी, याचे नियम प्रामुख्याने दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ या कायद्यात आहेत. ही संहिता १ जानेवारी १९०९ रोजी अमलात आली. तिच्यात १९७६, १९९९ आणि २००२ मध्ये व्यापक दुरुस्त्या झाल्या. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, २०१५ आणि मध्यस्थी अधिनियम, २०२३ या कायद्यांमुळे तिच्या स्वरूपात आणखी बदल झाले. २०२४ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहिता व भारतीय पुरावा अधिनियम यांच्या जागी नवे कायदे लागू झाले. दिवाणी प्रक्रिया संहिता मात्र मूळ चौकटीतच राहिली असून तिच्यातील बदल टप्प्याटप्प्याने होत आले आहेत.

या बदलांमागील मुख्य कारण न्यायदानातील विलंब हे आहे. राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रीडनुसार जिल्हा व तालुका न्यायालयांत एक कोटीहून अधिक दिवाणी प्रकरणे प्रलंबित आहेत. विलंब टाळण्यासाठी कालमर्यादा कडक केल्यास एखाद्या पक्षकाराची बाजू ऐकलीच न जाण्याचा धोका असतो. मर्यादा सैल ठेवल्यास दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो. अलीकडील दुरुस्त्या, न्यायनिर्णय आणि अभ्यास बहुतांशी याच पेचाभोवती फिरतात.

पार्श्वभूमी

ब्रिटिश भारतातील पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता १८५९ मध्ये संमत झाली. त्यानंतर १८७७ आणि १८८२ मध्ये नव्या संहिता आल्या. १९०८ ची संहिता सर अर्ल रिचर्ड्स यांच्या अध्यक्षतेखालील विशेष समितीने दिलेल्या मसुद्यावर आधारलेली आहे. या संहितेचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात १५८ कलमे असून त्यांत अधिकारक्षेत्र, पूर्वन्याय, अपील यांसारखी मूलभूत तत्त्वे आहेत. दुसरा भाग म्हणजे पहिली अनुसूची. तिच्यात आदेश व नियम या स्वरूपात कामकाजाचा तपशील दिलेला आहे.

ही विभागणी हेतुपुरस्सर आहे. कलमे बदलण्याचा अधिकार विधिमंडळाचा आहे. अनुसूचीतील नियम मात्र कलम १२२ नुसार उच्च न्यायालये आपापल्या क्षेत्रापुरते बदलू शकतात. त्यामुळे एकाच संहितेखाली मुंबई, मद्रास किंवा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या क्षेत्रातील काही नियम परस्परांहून वेगळे आहेत. दिनशा फर्दुनजी मुल्ला यांचे या संहितेवरील भाष्य वकील व न्यायाधीशांत आजही प्रमाण मानले जाते.

गोव्यात पोर्तुगीज राजवटीतील दिवाणी प्रक्रिया कायदा मुक्तीनंतरही काही वर्षे चालू होता. भारतीय संहिता तेथे लागू करण्यासाठी संसदेने १९६५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तरीही वारसा वाटपाची पोर्तुगीज परंपरेतील इन्व्हेंटरी कार्यवाही गोव्यात टिकून आहे. तिच्यासाठी राज्याने २०१२ मध्ये वेगळा अधिनियम केला.

१९९९ व २००२ च्या दुरुस्त्या

स्वातंत्र्योत्तर काळात विधी आयोगाने आपल्या १४ व्या (१९५८), २७ व्या (१९६४), ५४ व्या (१९७३) आणि ७७ व्या (१९७८) अहवालांत दिवाणी न्यायालयांतील विलंबाचा विचार केला. यांपैकी काही शिफारशींवर आधारित दुरुस्ती १९७६ मध्ये झाली. तिने कॅव्हेटची तरतूद आणली, तसेच दुसरे अपील कायद्याच्या महत्त्वपूर्ण प्रश्नापुरते मर्यादित केले.

यानंतरची मोठी दुरुस्ती १९९९ च्या अधिनियमाने झाली. देशभरातील वकिलांनी तिला तीव्र विरोध केला, त्यामुळे तिची अंमलबजावणी लांबली. २००२ च्या अधिनियमाने काही तरतुदी सौम्य केल्यानंतर दोन्ही दुरुस्त्या १ जुलै २००२ पासून एकत्र लागू झाल्या. त्यांतील प्रमुख बदल असे:

- प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत दाखल करावी. कारणे नोंदवून न्यायालय ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते.
- साक्षीदाराची सरतपासणी न्यायालयात तोंडी न घेता शपथपत्राद्वारे सादर करावी. उलटतपासणी न्यायालयासमोर किंवा नेमलेल्या कमिशनरसमोर व्हावी.
- सुनावणीदरम्यान एका पक्षकाराला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत.
- वाद तडजोडीने मिटण्याची शक्यता दिसल्यास कलम ८९ नुसार तो लवाद, सलोखा, लोक अदालत किंवा मध्यस्थीकडे पाठवावा.
- उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशाने अपिलात दिलेल्या निकालाविरुद्ध त्याच न्यायालयात आणखी अपील करता येऊ नये.

या दुरुस्त्यांच्या वैधतेला सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात आव्हान देण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्त्या वैध ठरवल्या आणि अंमलबजावणीतील अडचणींवर उपाय सुचवण्यासाठी न्यायमूर्ती एम. जगन्नाथ राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीचे अहवाल विचारात घेऊन न्यायालयाने ऑगस्ट २००५ मध्ये दुसरा निकाल दिला. लेखी कैफियतीची ९० दिवसांची मर्यादा बंधनकारक नसून निर्देशात्मक आहे, असे त्यात म्हटले होते. प्रक्रियेचे नियम न्यायाला साहाय्य करण्यासाठी असतात, त्यामुळे अपवादात्मक परिस्थितीत मुदतीनंतरही कैफियत स्वीकारता येईल, ही त्यामागील भूमिका होती. मात्र मुदतवाढ हा नित्यक्रम होऊ नये, असेही न्यायालयाने बजावले.

कलम ८९ च्या शब्दरचनेवरही टीका झाली. अ‍ॅफकॉन्स इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध चेरियन वर्के कन्स्ट्रक्शन या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मसुद्यातील एक ठळक चूक दाखवून दिली. या कलमात ‘मध्यस्थी’ आणि ‘न्यायिक समझोता’ यांच्या व्याख्यांची अदलाबदल झाली होती. न्यायालयाने त्या व्याख्या परस्परांच्या जागी वाचाव्यात असे ठरवले. कोणत्या प्रकारचे वाद तडजोडीसाठी योग्य आहेत आणि कोणते नाहीत, याचे मार्गदर्शनही या निकालात आहे. दोन्ही पक्षांची संमती असल्याखेरीज न्यायालय वाद लवादाकडे पाठवू शकत नाही. मध्यस्थीकडे पाठवण्यास मात्र अशा संमतीची अट नाही, हा भेदही त्यात स्पष्ट झाला.

वाणिज्यिक न्यायालये

मोठ्या व्यापारी वादांसाठी स्वतंत्र व्यवस्था असावी, अशी शिफारस विधी आयोगाने १८८ व्या (२००३) आणि २५३ व्या (२०१५) अहवालांत केली होती. त्यानुसार आलेला वाणिज्यिक न्यायालये अधिनियम २३ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाल्याचे मानले जाते. सुरुवातीला १ कोटी रुपये वा त्याहून अधिक मूल्याचे वाद या कायद्याखाली येत असत. २०१८ च्या दुरुस्तीने ही किमान मर्यादा ३ लाख रुपयांपर्यंत खाली आणली.

या अधिनियमाने वाणिज्यिक वादांपुरती दिवाणी प्रक्रिया संहिताच बदलली. लेखी कैफियतीसाठी कमाल १२० दिवसांची मुदत ठेवण्यात आली आणि त्यानंतर प्रतिवादीचा हक्क संपुष्टात येईल, अशी स्पष्ट तरतूद झाली. दाव्याच्या आरंभी न्यायालयाने प्रकरण व्यवस्थापन सुनावणी घ्यावी, पुढील टप्प्यांचे वेळापत्रक ठरवावे आणि पहिल्या अशा सुनावणीपासून सहा महिन्यांत युक्तिवाद पूर्ण होतील असे नियोजन करावे, असे नवीन आदेश १५-अ सांगतो. ज्या पक्षाला यश मिळण्याची वास्तविक शक्यता नाही, त्याच्याविरुद्ध तोंडी पुरावा न नोंदवता संक्षिप्त निकाल देण्याची सोय आदेश १३-अ मध्ये आहे. यांपैकी अनेक कल्पना इंग्लंडमध्ये लॉर्ड वुल्फ यांच्या १९९६ च्या अहवालानंतर एप्रिल १९९९ मध्ये लागू झालेल्या दिवाणी प्रक्रिया नियमांशी जुळतात. दाव्याची गती पक्षकारांच्या वकिलांनी न ठरवता न्यायाधीशाने ठरवावी, हे त्यांचे समान सूत्र आहे.

१२० दिवसांच्या मर्यादेचा प्रश्न एससीजी कॉन्ट्रॅक्ट्स विरुद्ध के. एस. चमणकर इन्फ्रास्ट्रक्चर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. फेब्रुवारी २०१९ च्या निकालात न्यायालयाने ही मर्यादा बंधनकारक असल्याचे ठरवले. परिणामी एकाच संहितेतील एकाच नियमाची दोन रूपे झाली आहेत. साध्या दिवाणी दाव्यात उशिरा आलेली कैफियत सबळ कारण असल्यास स्वीकारली जाऊ शकते. वाणिज्यिक दाव्यात १२१ व्या दिवशी तसे करता येत नाही. म्हणून दावा वाणिज्यिक आहे की नाही, हाच प्रश्न अनेकदा वादाचा विषय ठरतो. अंबालाल साराभाई एंटरप्रायझेस प्रकरणात (२०१९) न्यायालयाने या संज्ञेचा संकुचित अर्थ घेतला. स्थावर मालमत्तेचा वाद वाणिज्यिक ठरण्यासाठी ती मालमत्ता व्यापारासाठी प्रत्यक्ष वापरात असली पाहिजे, भविष्यातील वापराची शक्यता पुरेशी नाही, असे त्यात म्हटले आहे.

खर्चाच्या तरतुदींतही असाच फरक आहे. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल भरपाईदाखल द्यावयाच्या खर्चाला कलम ३५-अ मध्ये ३,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. ती १९७६ मध्ये ठरली आणि सर्वसाधारण दाव्यांत अद्याप तशीच आहे. वाणिज्यिक वादांत मात्र ही मर्यादा काढून टाकण्यात आली आहे.

दाव्यापूर्वीची मध्यस्थी

२०१८ च्या दुरुस्तीने वाणिज्यिक न्यायालये अधिनियमात कलम १२-अ आणले. तातडीचा अंतरिम आदेश मागितला नसेल, तर दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थीचा प्रयत्न करणे त्यानुसार आवश्यक आहे. मध्यस्थी तीन महिन्यांत पूर्ण करावी लागते. उभय पक्षांच्या संमतीने ही मुदत दोन महिन्यांनी वाढवता येते. हा काळ मुदतीच्या कायद्याखालील गणनेतून वगळला जातो.

हे कलम बंधनकारक आहे की नाही, याबाबत उच्च न्यायालयांत मतभेद होते. मुंबई उच्च न्यायालयातही २०२१ मध्ये एकल न्यायाधीशाने ते बंधनकारक नसल्याचे म्हटले आणि त्याच वर्षी खंडपीठाने तो निर्णय फिरवला. सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनियर्स या निकालात (१७ ऑगस्ट २०२२) कलम बंधनकारक ठरवले. मध्यस्थीचा टप्पा टाळून दाखल झालेले वादपत्र न्यायालय स्वतःहून नामंजूर करू शकते. जुन्या पक्षकारांचे नुकसान होऊ नये म्हणून हा नियम २० ऑगस्ट २०२२ पासून पुढे लागू करण्यात आला. तातडीच्या मागणीचा केवळ देखावा करून मध्यस्थी टाळता येणार नाही, असे न्यायालयाने २०२३ मध्ये आणखी स्पष्ट केले.

मध्यस्थी अधिनियम, २०२३ हा या विषयावरील पहिला सर्वसमावेशक केंद्रीय कायदा होय. त्याची काही कलमे ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. मूळ विधेयकात सर्व दिवाणी वादांसाठी दाव्यापूर्वीची मध्यस्थी सक्तीची होती. संसदीय स्थायी समितीच्या आक्षेपांनंतर ती ऐच्छिक करण्यात आली. मध्यस्थीतून झालेला समझोता न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात आणता येईल, अशी तरतूद या कायद्यात आहे.

महाराष्ट्रातील कलम ९-अ

राज्यस्तरीय दुरुस्तीचे परिणाम किती दूरवर जातात, याचे उदाहरण म्हणून महाराष्ट्रातील कलम ९-अ कडे पाहता येते. अधिकारक्षेत्राचा आक्षेप प्रलंबित असतानाही अंतरिम आदेश देता येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने १९५० च्या दशकात म्हटले होते. त्याचा आधार घेऊन सरकारविरुद्ध आवश्यक नोटीस न देताच मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात दावा दाखल करायचा, मनाई हुकूम मिळवायचा आणि नोटिशीची मुदत संपल्यावर जुना दावा काढून घेऊन नवा दाखल करायचा, अशी पद्धत रूढ झाली. ती थांबवण्यासाठी राज्याने १९७० मध्ये आणि पुन्हा १९७७ मध्ये कलम ९-अ आणले. अंतरिम आदेशाच्या अर्जावर अधिकारक्षेत्राचा आक्षेप आल्यास तो प्राथमिक वादमुद्दा म्हणून आधी निकाली काढावा, असे ते कलम सांगत होते.

गैरवापर रोखण्यासाठी आलेले हे कलम पुढे स्वतःच विलंबाचे साधन बनले. प्रतिवादी मुदतबाह्यतेसारखे आक्षेप घेत, त्यांवर पुरावा नोंदवला जाई, निर्णयाविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागितली जाई आणि मूळ दावा जागेवरच राही. मुदतीचा प्रश्न या कलमात मोडतो का, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल परस्परविरोधी होते. अखेर राज्याने २७ जून २०१८ पासून कलम ९-अ वगळले. नसली वाडिया विरुद्ध आयव्हरी प्रॉपर्टीज या प्रकरणात ऑक्टोबर २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने मतभेदही मिटवला. पुराव्यावर अवलंबून असलेला मुदतीचा प्रश्न अधिकारक्षेत्राचा प्राथमिक मुद्दा ठरत नाही, असा निर्णय पीठाने दिला.

हुकूमनाम्याची अंमलबजावणी

दावा जिंकल्यानंतरच पक्षकाराच्या अडचणी सुरू होतात, असे निरीक्षण प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्ये नोंदवले होते. हुकूमनामा मिळालेल्या व्यक्तीला ताबा किंवा रक्कम मिळवण्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्रात या अर्जाला ‘दरखास्त’ म्हणतात. संहितेतील सर्वांत मोठा आदेश, म्हणजे आदेश २१, याच विषयावर आहे. त्रयस्थ व्यक्तीने मालमत्तेवर हक्क सांगितल्यास तो वाद वेगळ्या दाव्याऐवजी दरखास्तीतच निकाली काढावा, असे १९७६ च्या दुरुस्तीपासून ठरले आहे. तरीही ऐन ताब्याच्या वेळी असे हक्कदार पुढे येणे ही नित्याची बाब आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२१ च्या निकालात याबाबत सविस्तर निर्देश दिले. ताब्याच्या दाव्यात न्यायालयाने सुरुवातीलाच पक्षकारांकडून त्रयस्थांच्या हक्कांची माहिती घ्यावी, आवश्यकतेनुसार कमिशनर नेमून मालमत्तेची स्थिती नोंदवावी आणि दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे त्यांत म्हटले आहे. म्हणजे अंमलबजावणीतील अडथळ्यांचा विचार दाव्याच्या शेवटी न होता आरंभीच व्हावा, अशी अपेक्षा आहे. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने सर्व उच्च न्यायालयांना प्रलंबित दरखास्तींची माहिती गोळा करून त्या सहा महिन्यांत निकाली काढण्याची व्यवस्था करण्यास सांगितले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये समोर आलेल्या आकडेवारीनुसार, या काळात सुमारे ३ लाख ३८ हजार दरखास्ती निकाली निघूनही सुमारे ८ लाख ८२ हजार प्रलंबित होत्या. त्यांत सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३ लाख ४१ हजार, महाराष्ट्रातील होत्या.

तंत्रज्ञान आणि भाषा

जिल्हा न्यायालयांसाठी राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रीड २०१५ मध्ये सार्वजनिक करण्यात आले. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२३ मध्ये ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यास ७,२१० कोटी रुपयांची मंजुरी दिली. समन्स बजावण्याच्या पद्धतीही बदलत आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका दरखास्तीत व्हॉट्सॲपवर पाठवलेली व उघडलेली नोटीस बजावली गेल्याचे मानले. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्राचा नमुना ठरवून दिलेला असून तो दिवाणी दाव्यांनाही लागू आहे.

न्यायालयाची भाषा ठरवण्याचा अधिकार कलम १३७ नुसार राज्य सरकारला आहे. महाराष्ट्राने १९९८ मध्ये मराठी ही कनिष्ठ न्यायालयांची भाषा म्हणून घोषित केली. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते. त्यामुळे मराठीतील वादपत्रे, साक्षी व दस्तऐवज अपिलाच्या टप्प्यावर भाषांतरित करावे लागतात.

अभ्यास व मतप्रवाह

भारतातील दिवाणी प्रक्रियेचा अभ्यास दीर्घकाळ निकालांच्या व कलमांच्या विश्लेषणापुरता मर्यादित होता. अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट मूग यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी वेगळा प्रश्न उपस्थित केला. न्यायाधीशांकडे दाव्यावर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार असताना ते वापरले का जात नाहीत, हा तो प्रश्न होता. विलंबाचे मूळ केवळ नियमांत नसून न्यायाधीश व वकील यांच्या परस्परसंबंधांतही आहे, या विचाराला त्यांच्या लेखनाने चालना दिली.

मार्क गॅलंटर आणि जयंत कृष्णन यांनी २००४ मध्ये लोक अदालतींची चिकित्सा केली. झटपट तडजोड म्हणजे गरीब पक्षकाराला मिळालेला न्याय असे गृहीत धरता येत नाही. न्यायालयीन विलंबाला कंटाळून तो हक्कापेक्षा कमी स्वीकारत असण्याची शक्यता असते, अशी त्यांची मांडणी होती. सक्तीच्या मध्यस्थीवरील चर्चेतही हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

अर्थशास्त्रज्ञ मॅथ्यू शेमां यांनी २०१२ च्या शोधनिबंधात २००२ च्या दुरुस्तीचे आर्थिक परिणाम मोजण्याचा प्रयत्न केला. काही उच्च न्यायालयांनी कलम १२२ खाली त्यांतील नियम आधीच स्वीकारले होते. त्यामुळे दुरुस्तीचा प्रभाव राज्यागणिक वेगळा पडला आणि तुलना शक्य झाली. न्यायालयांची गती वाढल्यास करारभंग कमी होतात आणि गुंतवणूक व कर्जपुरवठ्यास उत्तेजन मिळते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

बंगळूरु येथील दक्ष या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पक्षकारांच्या सर्वेक्षणात दिवाणी वादांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वाद जमीन व मालमत्तेचे आढळले. सुधारणांचा भर मात्र वाणिज्यिक वादांवर राहिला आहे. शेतजमिनीच्या वाटपाचा किंवा घराच्या ताब्याचा दावा लढवणाऱ्या सामान्य पक्षकाराला प्रकरण व्यवस्थापन, संक्षिप्त निकाल आणि वास्तव खर्च यांचा लाभ मिळत नाही, अशी टीका त्यामुळे होते. कालमर्यादांबाबत दुसरा आक्षेप असा, की न्यायाधीशांची रिक्त पदे आणि बेलिफ व अन्य कर्मचाऱ्यांची कमतरता कायम असताना पक्षकारावर घातलेले निर्बंध त्याच्यापुरतेच राहतात, न्यायालयाची गती त्यांनी वाढत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या भूमिकेतही ही जाणीव दिसते. दिवाणी किंवा फौजदारी कार्यवाहीला मिळालेली स्थगिती सहा महिन्यांनंतर आपोआप संपेल, असे न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले होते. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा नियम रद्द केला. न्यायालयाकडून सुनावणी लांबल्याची शिक्षा निर्दोष पक्षकाराला देता येत नाही, असे त्यामागील कारण होते.